गाठ काढण्याआधीचे चौदा दिवस

दारव्हा तालुक्यातील एका शिक्षक वाचकांचे चार पानी पत्र आले आहे. त्याचा गोषवारा असा: त्यांच्या थोरल्या भावाचे वय ४३, घरी सात एकर कोरडवाहू शेती. गेली तीन वर्षे भाऊंना अधूनमधून झटके येतात. दहा-पंधरा मिनिटे छाती धडधडते, डोके फुटेल असे दुखते, अंग घामाने चिंब होते, चेहरा पांढराफटक पडतो, आणि मग सारे आपोआप ओसरते. पहिला झटका पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना आला, त्यामुळे घरच्यांनी ती फवारणीची बाधा मानली. तालुक्याला एका डॉक्टरांनी धडधडीवर प्रोप्रॅनोलॉल दिले, तर झटके वाढले. यंदा मूतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी केली, तेव्हा उजव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर साडेचार सेंटिमीटरची गाठ दिसली. नागपूरला सीटी स्कॅन आणि चोवीस तासांच्या लघवीची तपासणी झाली, त्यात मेटानेफ्रिनचे, म्हणजे ॲड्रिनालिनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाचे, प्रमाण कित्येक पटींनी जास्त आले, आणि फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीतली ॲड्रिनालिन सोडणारी गाठ, असे निदान झाले. तिथल्या डॉक्टरांनी प्राझोसिनच्या गोळ्या सुरू केल्या, पाणी व मीठ वाढवायला सांगितले, आणि दोन आठवड्यांनी मात्रा व बीपी पाहून दुर्बिणीने शस्त्रक्रिया करू म्हणाले. नाक चोंदते आणि उठताना चक्कर येते म्हणून भाऊंनी चौथ्या-पाचव्या दिवशी गोळ्या सोडून दिल्या. मोठेबाबा म्हणतात की दुर्बिणीने गाठीचे मूळ आत राहते, पोट उघडूनच काढा. शेजारच्या एका बाईंचीही अशीच गाठ होती, त्यांना मीठ बंद केले होते, मग आपल्याला उलटे का सांगतात, असा वहिनींचा प्रश्न आहे. आणि भाऊंचे स्वतःचे म्हणणे असे, की कापूस घरात येऊ द्या, संक्रांतीनंतर पाहू. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: ‘आमचे वडीलही पंचेचाळिसाव्या वर्षी शेतातच अचानक गेले, त्यांनाही असाच घाम यायचा.’

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

हे उत्तर पुढे वाचण्याआधी एक काम करा. नागपूरच्या डॉक्टरांना आजच फोन लावून गोळ्या बंद केल्याचे खरे खरे सांगा, आणि ते सांगतील त्या मात्रेने त्या पुन्हा सुरू करा. सोडलेले प्राझोसिन, सोडताना जी मात्रा चालू होती त्याच मात्रेने, मनानेच घेऊ नका. काही दिवसांच्या खंडानंतर मोठी मात्रा एकदम पोटात गेली तर उभा माणूस भोवळ येऊन पडतो, म्हणून ते पुन्हा लहान मात्रेपासून, पहिली गोळी रात्री अंथरुणावर बसून, अशा रीतीने वाढवत न्यावे लागते. डॉक्टर रागावतील अशी भीती बाळगू नका. गोळ्या चालू आहेत असे समजून त्यांनी भाऊंना टेबलावर घेतले, तर त्यात जो धोका आहे त्यापुढे रागावणे काहीच नाही.

तुमच्या पत्रात दुर्बीण की उघडे पोट, यावर दीड पान आहे आणि गोळ्यांवर दोन ओळी. माझ्या मते हे माप उलटे हवे होते. या गाठीच्या रुग्णाचे बरेवाईट शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तासांत जितके ठरते, तितकेच, किंबहुना अधिक, त्याआधीच्या चौदा दिवसांत ठरते, आणि ते चौदा दिवस रुग्णालयात जात नाहीत, तुमच्या घरात जातात. म्हणून मी आधी त्यांच्याविषयीच सविस्तर लिहितो.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ॲड्रिनल ग्रंथी असतात, उजवी टोपीसारखी तिकोनी आणि डावी चंद्रकोरीसारखी. एकेकीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. बाहेरची साल मीठ-पाण्याचा आणि साखरेचा तोल सांभाळणारी संप्रेरके तयार करते, आणि आतला गर ॲड्रिनालिन व नॉरॲड्रिनालिन. रात्री जागलीला गेलेल्या माणसासमोर अचानक रानडुक्कर उभे ठाकले, की छाती धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात, घाम सुटतो, ते या गराचे काम आहे. भाऊंच्या गाठीत हाच गर बेसुमार वाढला आहे, त्यामुळे रानडुक्कर नसतानाही शरीराला तो इशारा मिळत राहतो. वाकल्यावर, पोटावर दाब आल्यावर, जड ओझे उचलताना, कधी काहीच कारण नसताना. पाठीवर पंप बांधून, पट्टा आवळून फवारणी करताना पहिला झटका यावा, यात मला नवल वाटत नाही.

फवारणीची शंका घेतली म्हणून घरच्यांना दोष देऊ नका. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून घाम आणि घाबरेपणा म्हटले की गावाला तेच आधी आठवते, आणि आठवलेच पाहिजे. फरक मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या बाधेत सहसा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ आणि डोळ्यांतून पाणी गळते, उलटी-जुलाब होतात. फिओक्रोमोसायटोमाच्या झटक्यात तोंड कोरडे पडते, चेहरा पांढरा होतो, आणि त्याच क्षणी बीपी मोजले तर आकडा २००च्या पुढे गेलेला सापडू शकतो. ‘त्याच क्षणी’ हे महत्त्वाचे. झटका ओसरल्यावर दवाखान्यात पोचलेल्या माणसाचे बीपी कित्येकदा साधे निघते, आणि ‘मनाची घबराट आहे’ म्हणून त्याची बोळवण होते.

प्रोप्रॅनोलॉलने झटके का वाढले, तेही समजून घ्या, कारण ही चूक पुन्हा होऊ शकते. ॲड्रिनालिन पेशींवरच्या एका प्रकारच्या ग्राहींमार्फत (रिसेप्टर) रक्तवाहिन्या आवळते आणि दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींमार्फत हृदय जोरात चालवते व काही वाहिन्या सैलही करते. प्रोप्रॅनोलॉल फक्त दुसरा मार्ग बंद करते. सैल करणारा हात बांधला गेला आणि आवळणारा मोकळा राहिला, की बीपी आणखी चढते. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी आवळणारा मार्ग रोखणारे औषध, म्हणजे प्राझोसिन, डॉक्साझोसिन किंवा फिनॉक्सिबेन्झामिन, आणि ते नीट मुरल्यावर, नाडी जलद राहिलीच, तर धडधडीची गोळी. तालुक्याच्या डॉक्टरांना गाठीचा पत्ताच नव्हता, तेव्हा त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. भाऊंच्या खिशात मात्र यापुढे निदानाची चिठ्ठी कायम असावी.

आता मिठाकडे वळू. बीपीच्या माणसाला मीठ वाढवायला सांगणारा डॉक्टर पाहून वहिनी बिचकल्या, ते साहजिकच आहे. विहिरीवरची नळी कोणी मुठीत दाबून धरली तर दाब भरपूर दिसतो, पण नळीत पाणी थोडेच असते. भाऊंच्या रक्तवाहिन्या तीन वर्षे अशा आवळलेल्या आहेत, आणि शरीराने त्या अरुंद जागेपुरतेच रक्त राखले आहे. प्राझोसिनने मूठ सैल होते, नळी रुंदावते, आणि आतले पाणी कमी पडते. उठताना चक्कर येते ती यामुळे. ती रुंदावलेली जागा भरून काढण्यासाठी मीठ आणि पाणी हवे. हे न करता गाठ काढली, तर तिची शीर बांधल्या क्षणी ॲड्रिनालिनचा ओघ तुटतो, मूठ एकदम सुटते, आणि बीपी असे कोसळते की ते वर आणताना भूलतज्ज्ञांची कसोटी लागते. तेव्हा ठेचा, लोणचे, मिठाचे ताक, डॉक्टरांनी नेमून दिले असेल तितके, या पंधरवड्यापुरते भाऊंना खुशाल वाढा. मूत्रपिंड किंवा हृदय अशक्त असेल तर हे प्रमाण बदलते, म्हणून आकडा डॉक्टरांचाच घ्यावा.

नाक चोंदणे हे औषध लागू पडत असल्याचे लक्षण आहे. नाकातल्या वाहिन्याही सैल झाल्या, एवढाच त्याचा अर्थ. त्रास होतो हे मला मान्य आहे, पण त्यावर पानठेल्याशेजारच्या मेडिकलमधून सर्दीची गोळी आणू नका. अशा बऱ्याच गोळ्यांत वाहिन्या आवळणारे औषध असते, आणि तुम्ही एका हाताने केलेले दुसऱ्या हाताने मोडाल. उलटी थांबवण्यासाठी सर्रास टोचले जाणारे मेटोक्लोप्रमाइड आणि अंगदुखीवर गावोगावी दिले जाणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन, या दोहोंनीही अशा रुग्णात जीवघेणा झटका उसळू शकतो. गाठ सुई घालून तपासून पाहू, असे कोणी सुचवले तर ठाम नकार द्या. या गाठीला सुई लावणे हे डिवचणेच आहे, आणि लघवीच्या तपासणीने निदान झालेले असताना त्या सुईची गरजही नाही.

घरी बीपीचे डिजिटल यंत्र आणा आणि तुम्ही मास्तर आहात तर वही तुम्हीच ठेवा. सकाळ-संध्याकाळ आधी बसून आणि मग दोन-तीन मिनिटे उभे करून मोजायचे. बसून १३०/८० च्या आत, आणि उभ्याने वरचा आकडा ९० च्या वर, इथवर पोचणे हे साधारण ध्येय असते. ते गाठायला सात ते चौदा दिवस लागतात, काहींना अधिक. ती वही शल्यविशारदांपुढे ठेवा. तारीख ठरली आहे म्हणून नव्हे, वहीतले आकडे तसे सांगतात म्हणून शस्त्रक्रिया व्हावी.

हे मी इतके ठासून सांगतो, त्याला कारण आहे. शिकाऊ असताना मी एका रुग्णालयात हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेला मदतीस उभा होतो. भूल दिली गेली आणि चिरा पडण्याआधीच रुग्णाचे बीपी यंत्राच्या काट्याच्या टोकाला गेले. आत अशी गाठ आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. तो माणूस वाचला, पण त्या अर्ध्या तासात माझ्या वरिष्ठांचा चेहरा जसा झाला होता तसा मी पुन्हा पाहिला नाही. भाऊंच्या बाबतीत गाठ आधी कळली आहे. ही मोठी सवलत मिळालेली आहे, ती नाक चोंदते म्हणून घालवू नका.

शेजारच्या बाईंना मीठ बंद केले होते, यावरून मला वाटते की त्यांची गाठ ग्रंथीच्या सालीतली, अल्डोस्टेरॉन तयार करणारी असावी. जेरोम कॉन या अमेरिकन वैद्याने १९५५ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला कॉनचा आजार म्हणतात. तिच्यात शरीर मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम लघवीतून सोडून देते, त्यामुळे तीन-तीन गोळ्यांना न जुमानणारे बीपी, पायांत वांब आणि काहींना पायांतले बळच गेल्यासारखे वाटणे, ही लक्षणे दिसतात. तिथे मीठ कमी करायचे आणि पोटॅशियम भरून काढायचे. जागा एकच, पण आजार वेगळे, आणि म्हणून एकीचा सल्ला दुसऱ्याला लावता येत नाही. त्या आजाराची एक अडचण अशी, की स्कॅनमध्ये गाठ डावीकडे दिसावी आणि संप्रेरक उजवीकडून किंवा दोन्हीकडून येत असावे, असेही घडते. म्हणून बहुतेकांत दोन्ही ग्रंथींच्या शिरांतले रक्त घेऊन तपासावे लागते, आणि ते कसबाचे काम थोड्याच ठिकाणी होते. गाठ काढल्यावर पोटॅशियम जवळजवळ सर्वांचेच सुधारते, बीपीच्या गोळ्या मात्र साधारण एकतृतीयांश लोकांच्याच पूर्ण सुटतात, बाकीच्यांच्या कमी होतात. हे आधी सांगितले गेले नाही, तर ‘ऑपरेशन फसले’ अशी बोलवा उठते.

तिसरी गाठ कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचेच स्टेरॉइड, तयार करणारी. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल, पोट सुटलेले आणि हातपाय काड्या, पोटावर जांभळे रुंद पट्टे, चढती साखर. पण आपल्या भागात असा चेहरा दिसला की मी गाठीच्या आधी पुडी शोधतो. सांधेदुखीवर ‘जडीबुटी’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या कित्येक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते, आणि ते महिनोन्महिने खाल्ले की हुबेहूब हेच रूप येते. ती पुडीही एकदम तोडायची नसते. खरोखरीची गाठ काढली, तर दुसरी ग्रंथी बरेच दिवस झोपलेली असते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही महिने, कधी वर्षभराहून अधिक, स्टेरॉइडच्या गोळ्या कमी करत करत घ्याव्या लागतात. त्या मध्येच सोडल्या तर जिवावर बेतते. भाऊंच्या गाठीत, दुसरी ग्रंथी शाबूत असल्याने, ही वेळ येणार नाही.

आता मोठेबाबांच्या आक्षेपाकडे येतो. ‘डोळ्यांनी पाहून हाताने काढले ते खरे’ हे त्यांचे म्हणणे एका काळी बरोबरच होते. १९२६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी ही गाठ यशस्वीपणे काढली, तेव्हा लांब चिरा देण्यावाचून इलाज नव्हता. पण ग्रंथी कुठे बसली आहे ते पाहा: पाठीच्या अगदी जवळ, बरगड्यांच्या आड, उजवीकडे यकृताच्या पाठीमागे. चार-पाच सेंटिमीटरच्या गाठीसाठी हातभर वाट खणावी लागते, आणि रुग्णाला त्रास होतो तो गाठीचा नव्हे, त्या वाटेचा. १९९२ मध्ये कॅनडात मिशेल गान्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून ॲड्रिनल ग्रंथी काढल्याचे प्रसिद्ध केले, आणि आज या आकाराच्या, आजूबाजूला न पसरलेल्या गाठीसाठी जगभर पहिली पसंती त्याच पद्धतीला आहे.

भाऊंना पूर्ण भूल देऊन डाव्या कुशीवर निजवतील. उजव्या बरगडीच्या काठाखाली अर्ध्या ते एक सेंटिमीटरची चार छिद्रे पडतील, एक कॅमेऱ्याचे, दोन हत्यारांचे, आणि एक यकृत उचलून धरण्यासाठी. डावी ग्रंथी असती तर बहुधा तीन पुरली असती. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. पडद्यावर चित्र कित्येक पट मोठे दिसते, त्यामुळे उघड्या पोटात खोल अंधारात जी शीर बोटांनी चाचपावी लागे, ती इथे समोर दिसते. उजवीकडची ती शीर हाच सगळ्यात नाजूक टप्पा आहे. डाव्या ग्रंथीची शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, उजवीची मात्र जेमतेम पेराएवढी असून थेट शरीरातल्या सर्वांत मोठ्या नीलेत उघडते. ती फाटली तर रक्तस्राव मोठा होतो. म्हणून हात सरावलेला हवा. गाठीला शक्य तितके कमी हलवत, तिच्या भोवतालच्या चरबीसकट ती सोडवतात, शिरेला क्लिप लावून कापतात, आणि पिशवीत भरून एक छिद्र थोडे वाढवून बाहेर काढतात. पिशवी यासाठी, की गाठीचे आवरण फुटून पेशी पोटात सांडल्या तर पुढे तिथेच नव्या गाठी उगवू शकतात. मोठेबाबांना ज्या ‘मुळा’ची काळजी आहे ते हेच, आणि ते राहते की नाही हे चिरा लांब की आखूड यावर नव्हे, आवरण शाबूत ठेवण्यावर अवलंबून असते.

पाठीच्या बाजूने, रुग्णाला पालथे निजवून, पोटाच्या पोकळीत न शिरता ग्रंथी काढण्याचीही पद्धत आहे. जर्मनीतील एसेनच्या मार्टिन वाल्झ यांनी ती नावारूपाला आणली. ज्यांच्या पोटावर आधी शस्त्रक्रिया झाल्या आहेत त्यांना ती विशेष सोयीची पडते. भाऊंना कोणती, हे त्यांच्या शल्यविशारदांच्या सवयीवर सोडावे. माणूस ज्या वाटेने रोज जातो त्या वाटेने तो रात्रीही अडखळत नाही.

उघडी शस्त्रक्रिया चूक ठरत नाही. गाठ सहा सेंटिमीटरहून बरीच मोठी असेल, शेजारच्या अवयवांत शिरली असेल, किंवा सालीच्या कर्करोगाची शंका असेल, तर तीच करावी. आणि दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया रक्तस्रावामुळे मध्येच पोट उघडून पुरी करावी लागली, तर तो पराभव नव्हे. तशा संमतीवर सही घेतील तेव्हा बिचकू नका. तशी सही न घेणाऱ्याकडे मात्र मी माझ्या भावाला नेणार नाही.

शल्यविशारदांना तीन गोष्टी विचारायला संकोच करू नका. तुम्ही अशा ॲड्रिनलच्या शस्त्रक्रिया नेहमी करता का; भूलतज्ज्ञांनी फिओक्रोमोसायटोमाचे रुग्ण सांभाळले आहेत का; आणि नंतरचा पहिला दिवस अतिदक्षता विभागात खाट मिळेल का. दुसरा प्रश्न मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण गाठीला हात लागताच चढणारे आणि शीर बांधताच कोसळणारे बीपी मिनिटामिनिटाला सांभाळण्याचे काम भूलतज्ज्ञांचे असते. तयारी नीट झालेली असेल आणि हात सरावलेले असतील, तर आज या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण शेकडा एक-दोनच्या आत आहे. गोळ्यांनी तयारी करण्याची पद्धत रुळण्यापूर्वी ते याच्या कित्येक पट होते.

जागा आणि खर्च. नागपूरचे एम्स, तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय तुमच्या टप्प्यात आहेत, तिथेही हेच तीन प्रश्न विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटा, आणि ही शस्त्रक्रिया तिथे योजनेत बसते का, आधीच्या व नंतरच्या कोणत्या तपासण्या खिशातून कराव्या लागतील, हे स्पष्ट विचारून घ्या. भरती झाल्यावर विचारण्यात वेळ आणि पैसे दोन्ही जातात. शेत विकण्याचा किंवा सावकाराकडे जाण्याचा विषय पत्रात नव्हता, तो निघूही देऊ नका.

भाऊंचा कापूस. ही गाठ उद्या फुटेल अशी भीती मी घालत नाही, पण संक्रांतीपर्यंत थांबणे मला मान्य नाही. प्रत्येक मोठ्या झटक्यात हृदयावर आणि मेंदूतल्या वाहिन्यांवर ताण येतो, आणि पुढचा झटका केवढा असेल हे कोणी सांगू शकत नाही. गोळ्यांच्या तयारीला दोन-तीन आठवडे लागतीलच, तेवढ्यात पहिली वेचणी उरकेल. वेचणी तशीही मजूर बायाच किलोवर करतात. भाऊंनी मापाला काट्याजवळ बसावे, पण गाठोडे उचलू नये, फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नये, आणि धुऱ्यावर एकटे जाऊ नये. दुर्बिणीने झाले तर बहुधा दुसऱ्या दिवशी चालतील आणि तीन-चार दिवसांत घरी येतील. पहिल्या दिवसात त्यांची साखर वरचेवर तपासतील, कारण ॲड्रिनालिनने दाबून ठेवलेले इन्सुलिन मोकळे होते आणि साखर झपकन उतरू शकते. हलकी कामे दोन-तीन आठवड्यांनी, बैलबंडी आणि पोती उचलणे दीड महिन्यानंतर. उघडे पोट करून घेतले तर हे सारे दुप्पट धरा. कापसाचाच हिशेब करायचा तर तोही दुर्बिणीच्या बाजूने पडतो, हे मोठेबाबांना सांगून पाहा.

घरी आल्यावर गाठीचा तपासणी अहवाल जपून ठेवा. दोन ते सहा आठवड्यांनी मेटानेफ्रिन पुन्हा तपासायचे, आणि त्यानंतर दरवर्षी एकदा, भाऊ कितीही ठणठणीत वाटले तरी. अशा काही गाठी बऱ्याच वर्षांनी पुन्हा डोके वर काढतात.

आणि आता तुमची ती शेवटची ओळ. वडिलांचे काय झाले ते आज कोणीही सांगू शकणार नाही, आणि मी अंदाज बांधणार नाही. पण या गाठी असलेल्या दर तीन रुग्णांपैकी साधारण एकात जनुकातला दोष आनुवंशिक असतो, आणि तसा दोष असेल तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता साधारणपणे निम्मी असते. त्यातल्या काही प्रकारांत थायरॉइडची गाठ, काहींत डोळ्यांचे, मेंदूचे किंवा मूत्रपिंडाचे आजार, काहींत अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, अशी सोबत असते. म्हणून भाऊंच्या डॉक्टरांना वडिलांची हकीकत स्वतः सांगा आणि जनुकीय तपासणीविषयी विचारा. ती रक्ताच्या एका नमुन्यावर होते, आणि ती आधी भाऊंची करायची. त्यांच्यात दोष सापडला तरच तुमची आणि मुलांची.

तोवर एक गोष्ट मात्र आजच होऊ शकते. तुम्ही चार पाने लिहिलीत, भाऊंच्या बीपीचे सहा आकडे दिलेत, पण त्याच वडिलांचे तुम्ही धाकटे चिरंजीव असूनही तुमचा स्वतःचा एकही आकडा पत्रात नाही. यंत्र आणाल तेव्हा वहीचे पहिले पान भाऊंचे, दुसरे तुमचे करा. तुम्हालाही कधी असा घाम येतो का, ते पुढच्या पत्रात कळवा.